नाशकात असा थेरपिस्ट कसा शोधायचा जो ऐकून घेईल पण काहीतरी शिकवेल सुद्धा?

आसावरी_इंदिरानगर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज लिहितेच. वय ३९, अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. घरी सासूबाईंना अर्धांगवायू होऊन दीड वर्ष झालं, त्यांचं सगळं अंथरुणातच, मुलगी दहावीला, मिस्टर शिफ्टला. गेले सहा-सात महिने काय होतंय की संध्याकाळी घरी येताना बोगद्याच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली की छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, आता आपण इथेच पडणार असं वाटतं. ईसीजी झाला, टीएमटी झाली, थायरॉईड झालं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन कमी करा. ते कसं करायचं ते कोणी सांगत नाही.

मग एका काउन्सेलरकडे सात वेळा गेले. बाई स्वभावाने चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. मी रडायचे, त्या ऐकायच्या, निघताना हलकं वाटायचं आणि रात्री मुलीने एक उलट उत्तर दिलं की मी पुन्हा तशीच ओरडायचे, नंतर बाथरूममध्ये जाऊन रडायचे. त्यांना विचारलं की धडधड सुरू झाली की त्या वेळी मी नक्की काय करू, तर म्हणाल्या व्यक्त होत राहा, पॉझिटिव्ह राहा. बोगद्यापाशी हेल्मेट घालून मी कोणाकडे व्यक्त होऊ?

मला असं कोणीतरी हवंय जे त्या क्षणी काय करायचं ते शिकवेल, घरी सराव करायला देईल. असे लोक नाशकात आहेत का, आणि ओळखायचे कसे? अजून एक, कॉलेज रोडला कुठल्याही क्लिनिकमध्ये बसलं तरी ओळखीचं कोणीतरी भेटतंच, त्याची पण धास्ती आहे.

सातपूरचा_संदीप

ताई, तुमचं बोगद्याचं वाचून अंगावर काटा आला कारण माझं सेम कसारा घाटात झालं होतं. कामासाठी महिन्यातून दोनदा मुंबईला गाडी घेऊन जायचो, एकदा घाटात ट्रकच्या मागे अडकलो आणि वाटलं हार्ट अटॅकच आला. त्यानंतर मुंबईच टाळायला लागलो, मग हायवे टाळायला लागलो, शेवटी त्र्यंबकला जायचं तरी बायकोला म्हणायचो तू चालव.

मी काय केलं ते सांगतो. तीन ठिकाणी फोन केले आणि अपॉइंटमेंट घ्यायच्या आधीच विचारलं की तुम्ही कुठल्या पद्धतीने काम करता, पॅनिकचे पेशंट बघता का, घरी करायला काही देता का आणि साधारण किती सेशनमध्ये फरक कळायला पाहिजे. एका ठिकाणी रिसेप्शनवरूनच म्हणाले आधी या मग बघू. दुसरीकडे फोन उचलला त्यांना प्रश्नच आवडले नाहीत बहुतेक. तिसऱ्या मॅडमनी स्वतः उलट फोन करून दहा मिनिटं नीट सांगितलं, सीबीटी म्हणाल्या, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी पद्धत, दर आठवड्याला वही लिहायची म्हणाल्या. तिथेच गेलो.

पहिल्या दोन सेशनमध्ये त्यांनी फक्त हेच समजावलं की ही भीती वर चढते, टोकाला जाते आणि मग आपोआप उतरते, पण आपण त्याच्या आधीच पळ काढतो म्हणून मेंदूला कळतच नाही की ती उतरते. पुढच्या वेळी मेंदू अजून लवकर घंटा वाजवतो. हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं हो! मग शिडी करायला लावली. पहिल्या आठवड्यात फक्त विल्होळीपर्यंत जाऊन यायचं, रोज, मग वाडीवऱ्हे, मग घोटी, घोटीला मी तीन आठवडे अडकलो होतो, पुढे जायची हिंमतच होईना, मॅडम म्हणाल्या घाई नाही पण घोटी सोडायची नाही. मग इगतपुरी, आणि मग घाट. प्रत्येक वेळी निघायच्या आधी भीती १० पैकी किती, पोहोचल्यावर किती, परत आल्यावर किती, हे वहीत. घाट उतरलो त्या दिवशी कसाऱ्याला गाडी बाजूला लावून घरी फोन केला, आवाज फुटत नव्हता.

एकूण चौदा सेशन झाले, एकाचे १२०० घ्यायच्या. महाग वाटलं, पण आधी नुसत्या तपासण्यांवर त्याच्यापेक्षा जास्त घालवले होते.

मनस्विनी_ना

मी याच क्षेत्रात काम करते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथे स्वतःची जाहिरात करणार नाही, कोणाचं नाव पण सुचवणार नाही, पण काही गोष्टी स्पष्ट सांगते कारण लोकांची खूप गल्लत होते.

सायकॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस होऊन मानसोपचारात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, औषधं तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने मानसशास्त्रात एमए करून वर बहुतेक वेळा दोन वर्षांचं एम.फिल. केलेलं असतं आणि आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तो नंबर विचारायला अजिबात संकोच करू नका, त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. काउन्सेलर हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो, चार महिन्यांचा कोर्स केलेले पण काउन्सेलर आणि दहा वर्षं उत्तम काम करणारे पण काउन्सेलर. म्हणून पाटीवरचं नाव बघून ठरवू नका, शिक्षण कुठलं आणि काम कसं करतात ते विचारा. संदीप यांनी विचारलेले प्रश्न अगदी योग्य आहेत. जो माणूस त्या प्रश्नांनी चिडतो त्याच्याकडे न गेलेलंच बरं.

तुम्हाला जे हवंय त्यासाठी सीबीटी, आरईबीटी किंवा डीबीटी हे शब्द विचारून बघा. आरईबीटी अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली, मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, म्हणजे त्रास देणारे अविवेकी विचार ओळखून बदलायला शिकायचं, आपल्याकडे मराठीतून काम करणारे बरेच आहेत आणि ते महत्त्वाचं आहे, कारण राग आणि अपराधीपणा आपण आपल्याच भाषेत अनुभवतो. डीबीटीमध्ये तर कौशल्यं शिकवणं हाच गाभा आहे, भावनेची लाट आली असताना काही बिघडवून न ठेवता ती कशी निभवायची ते. मुलीवर ओरडण्याचं तुम्ही लिहिलंत तिथे हे उपयोगी पडेल.

तोपर्यंत एवढं करा. धडधड सुरू झाली की खोल श्वास घ्यायच्या मागे लागू नका, बऱ्याच जणांचं त्याने उलट वाढतं, जोरजोरात श्वास घेतल्यानेच मुंग्या येतात. श्वास सोडणं लांबवा, आत तीन मोजून, बाहेर सहा मोजून. आणि हा सराव रोज शांत असताना करायचा. ऐन वेळी पहिल्यांदाच केलं तर काही होत नाही, मग लोक म्हणतात आमच्यावर चालत नाही.

ओळखीचं कोणी भेटेल याबद्दल, पहिलं सेशन प्रत्यक्ष आणि पुढचे ऑनलाइन असं बरेच जण करतात. तुमची माहिती गुप्त राहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुम्हाला दिलेला हक्क आहे. अगदी जिवाला धोका असेल तेव्हासारखे अपवाद सोडले तर तुमचं बोलणं बाहेर जाता कामा नये.

पंचवटीच्या_काकू

आसावरी बाळा, मी जरा वेगळं बोलते, राग मानू नकोस. मी माझ्या सासऱ्यांचं चार वर्षं केलं. श्वास मोजून शिक, वही लिही, सगळं कर, पण दीड वर्ष एकटी बाई नोकरी करून आजारी माणसाचं सगळं करतेय तर तिचं शरीर ओरडणारच ना. ननंद आहे का? दीर? महिन्यातले चार दिवस कोणी येऊन राहील का, निदान रात्रीची बाई ठेवता येईल का, हे पण त्या थेरपिस्टपुढे मांड. मला माझ्या डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं होतं की तुम्ही शेवटचं सलग सात तास कधी झोपलात, आणि मला आठवेना.

पैशाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडला आपलं सिव्हिल आहे, तिथे मानसोपचार विभागात दाखवता येतं. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. गर्दी असते, वेळ काढून जावं लागतं. आणि रात्री-अपरात्री फारच कोंडल्यासारखं झालं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. मी स्वतः एकदा पहाटे तीनला लावला होता.

सातपूरचा_संदीप

काकू बरोबर बोलतायत. मला पण झोपेचं आधी सुधारायला लावलं होतं, ते लिहायचं राहिलं.

आसावरी_इंदिरानगर

सगळ्यांचे मनापासून आभार, काकू तुमचं वाचून कंपनीतच डोळ्यात पाणी आलं, राग कसला मानू.

अपडेट देते. दोन ठिकाणी फोन केले, संदीपदादांचे प्रश्न कागदावर लिहून घेतले होते कारण बोलताना मी गडबडते. पहिल्या ठिकाणी दोन महिन्यांनंतरची वेळ मिळत होती. दुसऱ्या मॅडम आरसीआयवाल्या आहेत, नंबर मागितला तर लगेच व्हॉट्सअॅप केला, वर म्हणाल्या विचारलंत ते छान केलंत. शनिवारी चारची वेळ दिलीये. ननंदेला पहिल्यांदाच खरं सांगितलं, मला वाटलं बोलेल काहीतरी, पण ती म्हणाली वहिनी मला आधी का नाही सांगितलंस, आणि शनिवारी ती येऊन बसणार आहे आईंजवळ.

तीन-सहा रोज सकाळी कुकर होईपर्यंत करतेय. काल बोगद्यापाशी पुन्हा सुरू झालं होतं, गेलं नाही पूर्ण, पण मी गाडी बाजूला न घेता तशीच पुढे गेले. मनस्विनीताई, हे चालेल ना, का बाजूला घ्यायला पाहिजे होती?

मनस्विनी_ना

चालेल. चक्कर येऊन तोल जातोय असं वाटलं तरच बाजूला घ्या, ते आधी. नुसती भीती असेल तर हळू का होईना पुढे जात राहा. शनिवारी हा कालचा प्रसंगच आधी सांगा, किती वाजता, किती मिनिटं, मनात काय आलं, सगळं.

आसावरी_इंदिरानगर

हो, लिहून ठेवते. संदीपदादा, ती वही तुम्ही त्याच वेळी लिहायचात की रात्री? माझ्या घरी पोहोचेपर्यंत सगळं डोक्यातून जातं, आईंचं जेवण आणि डायपर समोर असतं.

सातपूरचा_संदीप

त्याच वेळी, ताई. गाडी लावली की पार्किंगमध्येच, वर जायच्या आधी, दोन ओळी. माझी वही अजून डिकीतच असते.