छायाचित्रण गटाची वार्षिक सभा, स्लाइड शो आणि काकांचे ट्रे

प्रेषक: संयोजिका, छायाचित्रण गट

नमस्कार मंडळी,

आपल्या छायाचित्रण गटाची वार्षिक सभा नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी 2 वाजता, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या नेहमीच्या सभागृहात भरेल. कामकाज अर्ध्या तासात आटोपायचा विचार आहे: मागच्या सभेचं इतिवृत्त, जमाखर्च, वर्गणी आणि नवी कार्यकारिणी. सहलप्रमुखांची मुदत संपते आहे, तेव्हा त्या कामाची आवड असणाऱ्यांनी आधीच कळवा. जमाखर्चाचा तक्ता आठवडाभर आधी सगळ्यांना मिळेल.

मग स्लाइड शो. यंदा त्यात एक बदल सुचवते. प्रत्येकाने जास्तीत जास्त 20 फोटो आणायचे आणि दाखवताना पुढे उभं राहून त्यांच्याबद्दल बोलायचं. पार्श्वसंगीत नको. गेल्या वर्षी एकेकाचे दोनशे फोटो बासरीच्या धुनेवर सरकत गेले. फोटो चांगले होते, पण कोणता कुठला, का काढला, हे कोणालाच विचारता आलं नाही, आणि तिसऱ्या शोपर्यंत निम्मं सभागृह चहाकडे वळलं होतं. मेहनत घेऊन काढलेल्या फोटोंचं असं व्हावं याचं मला वाईट वाटलं.

मतं कळवा.

प्रेषक: एक सभासद, ऑरोरा

ताई, नमस्कार.

20 फारच कमी होतात. गेल्या नोव्हेंबरात आम्ही काहीजण इंडियानात जॅस्पर-पुलास्की वन्यजीव क्षेत्रात सँडहिल क्रेन बघायला गेलो होतो. सूर्यास्ताच्या सुमाराला हे पक्षी चहूकडून हजारोंनी गूज पाश्चर नावाच्या कुरणात उतरतात. उतरताना पाय खाली सोडून पंख ताणतात, तो एक क्षण धरायलाच शंभर फ्रेम जातात. त्यातून 20 निवडायचे म्हणजे बाकी सगळं टाकून देणं.

दुसरं असं की, बोलण्यापेक्षा स्पर्धा का नको? बाहेरचा परीक्षक बोलवू, गुण देऊ. इथले कॅमेरा क्लब तेच करतात आणि त्यातून माणूस शिकतो. मी स्वतः फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिकाच्या सलोनना, म्हणजे परीक्षकांनी निवडलेल्या फोटोंच्या प्रदर्शनांना, फोटो पाठवायला लागल्यापासून माझी रचना पुष्कळ सुधारली.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, लोम्बार्ड

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

ताईंचा मेल वाचला. विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. माझ्याकडे कॅरूसेल या कोडॅकच्या स्लाइड प्रोजेक्टरचे गोल ट्रे आहेत, प्रत्येकात 80 स्लाइड्स, बहुतेक सगळ्या कोडॅक्रोम 64 या कोडॅकच्या रंगीत स्लाइड फिल्मवरच्या. प्रोजेक्टरही चालू आहे. 2004 मध्ये कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणं थांबवलं तेव्हाच मी जादा दिवे घेऊन ठेवले होते.

त्यातल्या एका रोलबद्दल सांगतो. सुरुवातीला सप्टेंबर 1978 चा गणपती आहे, एका मित्राच्या तळघरातला. रिकाम्या खोक्यांवर वहिनींनी आपला शालू अंथरला होता आणि मूर्ती दादरहून विमानात मांडीवर बसून आली होती. पुढे दिवाळीचा फराळ. शेवटच्या चार स्लाइड्स जानेवारी 1979 च्या हिमवादळाच्या. माझी गाडी कुठे आहे ते नुसत्या अँटेनावरून ओळखायचं. स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर, म्हणजे माउंटवर, छाप आहे फेब्रुवारी 79, म्हणजे रोल धुतला गेला तो महिना. 36 फोटोंचा रोल भरल्याशिवाय आम्ही लॅबला पाठवत नसू, त्यामुळे गणपतीचा फोटो कसा आला हे आम्हाला बर्फ उपसून झाल्यावर कळलं.

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 मध्ये इथे शिकागोत स्थापन झालं. ही मंडळी त्याच्याही आधीची. आरतीच्या त्या स्लाइडमध्ये चौदा माणसं आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांची नावं सांगू शकणारा आता मी एकटाच उरलो आहे.

सभेत अर्धा तास मिळाला तर दाखवीन. मात्र खऱ्या प्रोजेक्टरवर, खऱ्या पडद्यावर. कोडॅक्रोमचा तो गर्द लाल रंग मला लॅपटॉपवर कधी दिसलेला नाही.

कळावे, लोभ असावा.

प्रेषक: संयोजिका

काका, नमस्कार.

अर्धा तास नव्हे, पूर्ण तास तुमचा. खरं तर मला जे म्हणायचं होतं ते तुमच्या मेलमध्ये माझ्यापेक्षा नीट आलं आहे. ती आरतीची स्लाइड कोणी नुसती पडद्यावर दाखवली, तर आम्हाला दिसेल एक तळघर आणि चौदा अनोळखी चेहरे. तुम्ही बोलायला लागलात की मूर्ती मांडीवर घेऊन कोण आलं, शालू कोणाचा, पुढे कोण कुठल्या गावी गेलं हे सगळं त्या चौकटीत येईल. फोटो तुमच्या कॅमेऱ्याने काढला असला तरी तो पुरा होतो तुमच्या बोलण्याने.

आपल्याकडे हे पूर्वीपासून माहीत होतं. कल्याणचे महादेव पटवर्धन यांनी 1892 च्या सुमारास शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हातांनी रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडात पडद्यावर पाडायची, आणि जोडीला निवेदन, गाणं, संवाद. रामायण-महाभारतातल्या कथा लोकांना तोंडपाठ असत, तरी ते रात्री जमत, कारण पडद्याशेजारी सांगणारा माणूस असे. पुढे त्यांच्या मुलांनी ते खेळ चालू ठेवले. सिनेमा येण्याआधी चित्र आणि वाणी यांची अशी सांगड घालणारं घर आपल्या महाराष्ट्रात होतं, याचा मला फार अभिमान वाटतो. आणि आपण मात्र आपल्याच फोटोंशेजारी उभं राहायला तयार नाही.

ऑरोराच्या दादांना: तुमच्या क्रेनबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही, ते फोटो मी पाहिलेत. पण तुम्ही वरच्या चार ओळींत जे लिहिलंत, पाय खाली सोडून पंख ताणतात ते, तेवढं वाचून मला जाऊन बघावंसं वाटलं. गेल्या वर्षी दोनशे फोटो बघून तसं झालं नव्हतं. त्यातले 20 निवडणं कठीण आहे, कबूल. मी म्हणेन ते निवडणं हेच वर्षाचं शिक्षण आहे. एकसारख्या सहा फोटोंमधून एक ठेवताना तो का ठेवला हे स्वतःला सांगावं लागतं, आणि तेच सभेत सांगायचं.

स्पर्धेला माझा विरोध नाही. वसंतात लोम्बार्डच्या लायलॅक उत्सवानंतर एक ठेवू, बाहेरचा परीक्षकही बोलवू. वार्षिक सभेत मात्र नको. त्या दिवशी फोनवर फोटो काढणाऱ्या आजीही आल्या पाहिजेत, आणि पहिल्यांदाच चार लोकांसमोर फोटो दाखवणारी शाळकरी मुलंही. शेजारी परीक्षक गुणपत्रक घेऊन बसला की ही माणसं येत नाहीत.

काका, तुमचं निवेदन ध्वनिमुद्रित करायची परवानगी द्याल का? प्रत्येक स्लाइडला तुमचा आवाज जोडून ठेवू. कोणी मदतीला येत असेल तर लिहा.

प्रेषक: तांत्रिक मदत, शॉमबर्ग

काकांच्या स्लाइड्सबद्दल थोडं कामाचं.

कोडॅक्रोम कपाटातल्या अंधारात उत्तम टिकते, एक्टाक्रोम या कोडॅकच्या दुसऱ्या स्लाइड फिल्मच्या जुन्या प्रकारांसारखी लालसर पडत नाही. पण प्रोजेक्टरच्या प्रखर उजेडात तिचे रंग एक्टाक्रोमपेक्षा लवकर उतरतात. म्हणून आधी स्कॅन, मग प्रोजेक्टर. सभेत एकेक स्लाइड अर्धा मिनिट दाखवली तर बिघडत नाही, पण तोच ट्रे घरी परत परत फिरवू नये. गोष्ट लांबली तर काकांनी मध्ये प्रोजेक्टरचा दिवा बंद करून बोलावं.

स्कॅनरमधली धूळ पुसणारी इन्फ्रारेड सोय कोडॅक्रोमवर बंद ठेवा. या फिल्मवर ती फसते आणि बारीक तपशीलच पुसून टाकते. हवेच्या फुग्याने आणि मऊ ब्रशने आधी धूळ झाडलेली बरी. 4000 डीपीआयला एक स्लाइड साधारण 20 मेगापिक्सेलची होते, तेवढं पुष्कळ आहे. स्कॅनर नसेल तर मॅक्रो लेन्स आणि लाइटबॉक्स घेऊन डिजिटल कॅमेऱ्यानेही चांगलं काम होतं. माझ्याकडे दोन्ही आहे. माउंटच्या दोन्ही बाजूंचाही एकेक फोटो काढू. त्यावर महिन्याचा छाप असतो आणि काकांचं पेन्सिलीतलं अक्षरही असेल.

ट्रे भरताना स्लाइड उलटी, डोकं खाली करून जाते. स्लाइड हातात सुलट धरली असता डाव्या खालच्या कोपऱ्यात ठिपका करून ठेवायची पद्धत आहे. ट्रेमध्ये तो ठिपका वर उजवीकडे दिसला की बरोबर. ट्रे 80 चाच वापरा, 140 च्या ट्रेमध्ये पुठ्ठ्याची माउंट अडकतात. दिव्याच्या उष्णतेने फिल्म किंचित फुगून फोकस हलतो, तेव्हा काकांच्या शेजारी फोकस बघायला एकजण हवा.

बाकी सगळ्यांनी फोटो एसआरजीबी या रंगपद्धतीत पाठवा. सभागृहाचा प्रोजेक्टर 1920 बाय 1200 चा आहे, उभे फोटो 1200 उंचीचे करा. फाइलच्या नावात आधी क्रमांक, 01, 02 असा.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, लोम्बार्ड

ध्वनिमुद्रणाला माझी परवानगी आहे. स्कॅनलाही. ट्रे कधीही घेऊन जा.

एक विनंती. 2010 च्या डिसेंबरात कॅन्ससमधल्या पार्सन्सच्या ड्वेन्स फोटोने कोडॅक्रोम धुवायला घेणं बंद केलं. ती जगातली शेवटची लॅब होती आणि माझा शेवटचा रोल मी तिथेच पाठवला होता. त्या रोलवर आमची ही आहे, मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानात पानगळीत, तिच्या आवडत्या मोरपंखी शालीत. त्यातल्या दोन स्लाइड्स शेवटी दाखवीन. त्या दोन्हींवर मी काही बोलणार नाही, तेवढं चालवून घ्या.

प्रेषक: एक सभासद, ऑरोरा

काका, ट्रे न्यायला मी रविवारी येतो. स्कॅनिंगला शॉमबर्गला मीच पोचवीन आणि रेकॉर्डिंगचा माइकही माझ्याकडे आहे. एका बैठकीत सगळं नको. दर आठवड्याला एक ट्रे घेऊ. नावं टिपायला माझी मुलगी बसेल. तिचं मराठी बोलणं चांगलं आहे, लिहिणं कच्चं आहे, या निमित्ताने तेही सुधारेल.

ताई, 20 मान्य. क्रेनचे 12 आणि उरलेले पहाटेच्या धुक्याचे आणतो. धुक्याचे मला जास्त आवडतात, पण सलोनला ते कधीच निवडले गेले नाहीत. ते का आवडतात हे सांगायला पाच मिनिटं पुरतील. सहलप्रमुख म्हणून माझं नाव घाला.

प्रेषक: संयोजिका

मंडळी, ठरलं.

2 वाजता कामकाज. गणसंख्येअभावी निवडणूक अडते, तेव्हा सभासदांनी उशीर करू नका. अडीचपासून सभासदांचे स्लाइड शो. 4 वाजता चहा. खाण्याचं प्रत्येकी एक पदार्थ, यादी वेगळी फिरवते. साडेचारला काकांचे ट्रे. त्या वेळी दिवे पूर्ण बंद होतील, म्हणून लहान मुलांना पुढच्या रांगांत बसवू आणि तारांवर पट्टी चिकटवू. काकांच्या शेवटच्या दोन स्लाइड्स त्यांनी सांगितल्याप्रमाणेच दाखवल्या जातील.

मंडळाच्या जुन्या सभासदांपैकी कोणी आता दुसऱ्या शहरात असेल तर त्यांनाही हा मेल पुढे पाठवा. 1978 च्या आरतीची स्कॅन केलेली स्लाइड त्यांच्याकडे धाडली तर काकांना न आठवणारी दोन-तीन नावं मिळतील.

रविवारी जॅस्पर-पुलास्कीची सहल आहे. तिथे एका काउंटीत आपलीच वेळ आणि शेजारच्या काउंटीत एक तास पुढे, त्यामुळे फोनमधलं घड्याळ मध्येच बदलतं. सगळ्या वेळा शिकागोच्या घड्याळाने धरा आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी गूज पाश्चरला पोचा. ज्यांना गाडीत जागा हवी आहे त्यांनी नव्या सहलप्रमुखांना कळवावं. निवड औपचारिकपणे सभेत होईल, पण दुसरं नाव आलेलं नाही.