तांबट आळीतली शेवटची भट्टी विझली, तर ती तांबट आळी राहील का?

कसबेकर (प्रश्न):
मी भूगोलाच्या पदव्युत्तर वर्गात आहे आणि क्षेत्रकार्यासाठी पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी निवडली आहे. भूगोलतज्ज्ञ जॉन ॲग्न्यू यांच्या १९८७ मधील मांडणीनुसार स्थळाला तीन अंगे असतात: नकाशावरील स्थान, दैनंदिन व्यवहार ज्या परिसरात घडतात तो परिसर, आणि माणसांच्या मनातील स्थळभान. आळीत मठारकामाचे (हातोडीने ठोकून तांब्याची भांडी घडवण्याचे) ठोके अजून ऐकू येतात, परंतु बंब, घंगाळ आणि हंडे घरोघरी वापरले जात तो काळ स्टीलने संपवला आणि कारखाने थोडेच उरले. उद्या ठोके थांबले आणि नाव तेवढे राहिले, तर या तीन अंगांपैकी ओळख कशावर टिकेल?

लष्करातला:
ठोके थांबले की ओळख गेली, असे आपण गृहीत धरता ते भूगोलतज्ज्ञ एडवर्ड रेल्फ यांच्या १९७६ मधील ‘स्थळहीनते’च्या विचाराशी जुळते, कारण अस्सल स्थळे पुसली जाऊन सगळीकडे एकसारखेपणा येतो ही त्यांची चिंता होती. मला भूगोलतज्ज्ञ डोरीन मॅसी अधिक पटतात. लंडनमधील किलबर्नच्या रस्त्यावरून चालत जाऊन त्यांनी १९९१ मध्ये दाखवले, की स्थळाचे वेगळेपण त्याच्या बाहेरच्या जगाशी असलेल्या संबंधांच्या विशिष्ट गुंफणीतून येते आणि त्यासाठी भोवती कुंपण असावे लागत नाही. तांबट आळीचेच पाहा. पेशवाईत कोकणातून कारागीर आले म्हणून ती वसली; आज आपण जिला अस्सल पुणेरी म्हणतो ती स्थलांतरितांची वस्ती आहे. आमच्या कॅम्पाविषयी तर बोलायलाच नको: इंग्रजांची छावणी, तिच्या मागोमाग आलेले पारशी, बोहरी, इराणी आणि तमिळ कुटुंबे वजा केली, तर मागे काय उरेल?

मुठाकाठ:
हे सारे मान्य, पण या चर्चेत जमीन आणि पाणी नेपथ्यासारखे मागे उभे राहते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि नदीकाठच्या पेठांतील वाडे कोसळले. कित्येक कुटुंबे गोखलेनगरसारख्या नव्या वसाहतींत गेली आणि पेठेत वाढलेल्या माणसांना पत्ता सांगताना टेकडीची खूण द्यावी लागू लागली. आमच्या आजी कोणत्याही लग्नाचे किंवा बारशाचे साल सांगत नसत. ‘पुराच्या आधी’ किंवा ‘पुरानंतर’ एवढेच म्हणत. धरण माणसानेच बांधलेले होते, त्यामुळे याला निव्वळ निसर्ग म्हणता येणार नाही हे खरे; तरी पाणी कुठवर चढले हे नदीच्या पात्राने आणि जमिनीच्या उताराने ठरवले.

उपनगरवासी:
नाव कोण ठेवतो, याकडेही लक्ष द्यावे. मलकापुराची रविवार पेठ झाली आणि मुर्तजाबादची शनिवार पेठ, ती राज्यकर्त्यांच्या इच्छेने. पासोड्या विठोबा आणि जिलब्या मारुती ही नावे मात्र कोणत्याही हुकुमातून आलेली नाहीत. देवळाशेजारच्या बाजारातून लोकांनी ती उचलली आणि पासोड्यांचा (जाड पांघरुणांचा) बाजार हटल्यावरही विठोबा पासोड्याच राहिला. आपल्या मूळ प्रश्नाचे निम्मे उत्तर मला इथे दिसते. आता ही सत्ता बांधकाम व्यावसायिकांकडे आली आहे: उंड्री या उपनगरातील सदनिका, राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेचे (एनआयबीएम) नाव उसने घेऊन, ‘एनआयबीएम ॲनेक्स’ म्हणून विकली जाते आणि तिथे राहायला येणाऱ्याला आपण कोणत्या गावाच्या शिवारात राहतो हे कळायला वर्ष लागते. (मला दोन लागली.)

कसबेकर:
सर्वांचे आभार. ‘आळी टिकेल का’ हा प्रश्न मी आता मागे घेतो. त्याऐवजी तांब्याचा पत्रा कुठून येतो, घडवलेले भांडे कोण विकत घेते आणि आळीला ‘आळी’ म्हणणारे आज कोण आहेत, हे विचारेन. हद्दीचा प्रश्न कसा हाताळावा?

लष्करातला:
कारागीर, त्यांची शिकून बाहेर पडलेली मुले आणि आळीत भाड्याने राहणारी माणसे, या तिघांकडून आळी कुठे सुरू होते व कुठे संपते ते वेगवेगळ्या कागदांवर काढून घ्यावे. रेघा जुळणार नाहीत; त्यांची सरासरी काढू नये, तिन्ही नकाशे प्रबंधात तसेच छापावेत.