शब्दचर्चा : शाखा, फाटा की वाट? अनेक शेवटांच्या खेळांची मराठी (बोलणाऱ्यांची टोपणनावं नाशिकमधल्या जागांची आहेत)

सिन्नर फाटा : ज्या व्हिडिओ गेममध्ये गोष्ट आपल्या निवडीप्रमाणे वळते आणि शेवटही वेगवेगळे येतात, त्यांच्याबद्दल मराठीत लिहायचं तर शब्द कोणते वापरायचे? बोलताना आपण 'रूट पकडला', 'बॅड एंडिंग लागली' असं सरळ म्हणतो, तिथे काही अडत नाही. लिहिताना अडतं. 'ब्रांचिंग' म्हणून 'शाखीय कथानक' लिहिलं की डोळ्यांपुढे बँक येते. ब्रांच, चॉइस, एंडिंग, फ्लॅग (आपण काय निवडलं याची खेळाने ठेवलेली नोंद), प्लेथ्रू (खेळ एकदा सुरुवातीपासून शेवटापर्यंत खेळणं), एवढ्यांवर मतं हवी आहेत. कोशातला नव्हे, तोंडात बसणारा शब्द सुचवा.

मखमलाबाद : 'शाखा' मलाही नको, पण बँकेमुळे नाही. झाडाची फांदी एकदा फुटली की पुन्हा खोडाला येऊन मिळत नाही. हे खेळ तसे नसतात, तसे करणं परवडतच नाही. हिशोब करा. दर वेळी दोन पर्याय, अशा दहा निवडी, आणि कुठलीच वाट दुसरीला मिळत नाही, तर शेवट होतात १०२४ आणि लिहायचे तुकडे २०४७. खेळणारा एका वेळी त्यातले अकराच वाचणार. तेच प्रत्येक निवडीनंतर दोन्ही वाटा लगेच एकत्र आणल्या, तर निवडीच्या जागा १०, वाटांचे तुकडे २० आणि शेवट १, म्हणजे ३१ तुकड्यांत काम होतं. खरे खेळ या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात.

म्हणून वाट जिथे फुटते ती जागा 'फाटा'. तुमचं टोपणनावच उत्तर आहे की! सिन्नर फाटा, पाथर्डी फाटा म्हटलं की इथे थांबून ठरवायचं आहे हे नाशिककराला वेगळं सांगावं लागत नाही. आणि फाट्यापासून पुढे जाते ती 'वाट'. इंग्रजीत ब्रांच हा एकच शब्द दोन्हींना वापरतात, त्यामुळे 'या खेळात वीस ब्रांच आहेत' म्हणजे फाटे वीस की वाटा वीस, हे कळत नाही. आपल्याकडे दोन शब्द आहेत, तर दोन्ही वापरावेत.

झाडच हवं असेल तर निदान द्राक्षाची वेल घ्या, तिथे शब्द तरी नेमके आहेत. ओलांडा म्हणजे मुख्य आडवा हात, मालकाडी म्हणजे घड देणारी काडी, बगलफूट म्हणजे पानाच्या बगलेतून निघणारी आगंतुक फूट. ज्या वाटेला शेवट लागतो ती मालकाडी. मुख्य गोष्टीतून जराशी निघून दोन-तीन तुकड्यांत आटपते ती बगलफूट. आणि जी कुठेच पोचत नाही ती वांझ फूट.

कॉलेज रोड : मालकाडी, बगलफूट झकास. 'वांझ' मात्र लेखात नको, बागेत सर्रास बोलतात म्हणून सगळीकडे चालतो असं नाही. 'फेलफूट' घ्या, विरळणीत काढून टाकतात ती. किंवा सरळ 'बोळ', पुढे भिंत असलेला.

बाकी तुमचा हिशोब बरोबर, पण त्या ३१ तुकड्यांतही खेळाला दहा निवडी लक्षात ठेवायच्या असतील तर आतल्या स्थिती १०२४ च राहतात. लिहायचं काम कमी होतं, तपासायचं होत नाही. अशा खेळांत चुका निघतात त्या बहुतेक इथेच. वाटा एकत्र आलेल्या असतात आणि एखादं वाक्य मात्र भलत्याच वाटेवरून आल्यासारखं बोलतं. मेलेल्या पात्राचा निरोप येतो, न घेतलेली किल्ली खिशात सापडते.

तपोवन : वाटा एकत्र येतात त्या जागेला शब्द शोधायला नाशिककराने लांब कशाला जायचं? 'संगम'. इंग्रजीत याला बॉटलनेक म्हणतात. सॅम काबो अ‍ॅशवेल यांनी २०१५ मध्ये निवडप्रधान खेळांच्या ठरावीक रचनांना नावं दिली, त्यात 'ब्रांच अँड बॉटलनेक' ही एक, आणि ज्यात वाटा फुटतच जातात ती 'टाइम केव्ह'. पहिलीला 'फाटे-संगम रचना' म्हणता येईल. दुसरीला 'पसारा'. हा शब्द मुद्दाम घेतलाय, कारण ती रचना आवरत नाही, आणि आवरायची तर गोष्ट फार आखूड ठेवावी लागते.

एक अडचण आहे. कपिला संगमानंतर कुठलं पाणी गोदेचं नि कुठलं कपिलेचं हे सांगता येत नाही. खेळातल्या संगमानंतर सांगता आलं पाहिजे, नाहीतर निवडीला अर्थ काय राहिला? त्यासाठीच तो फ्लॅग लागतो. त्याला 'झेंडा' म्हणू नका एवढीच विनंती.

रविवार कारंजा : फ्लॅग म्हणजे 'खूणगाठ'. पदराला गाठ मारून ठेवायची, म्हणजे नंतर आठवतं. फ्लॅग हेच करतो. 'भावाला खोटं सांगितलं' एवढीच नोंद करून ठेवतो आणि तीन प्रकरणांनंतर ती वाचतो. मनाशी खूणगाठ बांधणं आपण रोज बोलतो, क्रियापद आयतंच मिळतं : 'या फाट्यावर खेळ खूणगाठ बांधतो, शेवटच्या प्रकरणात सोडतो.'

खूणगाठी दोन जातींच्या असतात. एक त्या सेव्हपुरती, म्हणजे खेळ जिथवर आला तिथे साठवून ठेवलेल्या प्रतीपुरती. जुना सेव्ह उघडला की गाठही सुटते. दुसरी सेव्हच्या बाहेर ठेवलेली. रेनपायमध्ये (चित्रं आणि संवादांचे गोष्टीचे खेळ बनवायचं साधन) तिला पर्सिस्टंट म्हणतात, ती नवा खेळ सुरू केला तरी राहते. 'अंडरटेल' (२०१५) याच जोरावर उभा आहे. सगळ्यांना मारत जाण्याची वाट शेवटपर्यंत नेली, की नंतर कुणालाही न मारता खेळलं तरी शेवट बदललेलाच दिसतो. दुसऱ्या जातीला 'पक्की गाठ' म्हणावं, पहिलीला 'सरकगाठ'.

कॉलेज रोड : खूणगाठ उत्तम, पण इंकमध्ये, म्हणजे निवडीच्या गोष्टी लिहायच्या संगणकीय भाषेत, काम करणाऱ्यांचा गोंधळ होणार. तिथे 'नॉट' म्हणजे फ्लॅग नव्हे, गोष्टीचा एक नाव दिलेला भाग. त्याचं भाषांतर 'गाठ' केलं की एकाच वाक्यात दोन गाठी येतील. इंकचं नॉट नॉटच राहू द्यावं.

इंकचा विषय निघालाच आहे तर फेलफूट तिथे कशी उगवते ते पाहा. तारा (फुली) लावलेला पर्याय एकदाच निवडता येतो, मग गायब होतो. अधिकचं चिन्ह लावलेला पर्याय पुन्हा पुन्हा दिसतो. चौकशीच्या प्रसंगात सगळे प्रश्न ताऱ्याचे ठेवले आणि खेळणाऱ्याने सगळे विचारून टाकले, की पर्याय शून्य होतात आणि मजकूर संपल्याची चूक येऊन खेळ थांबतो. उपाय असा की शेवटी एक बिनमजकुराचा राखीव पर्याय ठेवायचा. बाकीचे संपले की तो आपोआप घेतला जातो आणि बाण दाखवेल तिकडे गोष्ट जाते. त्याला शब्द हवा असेल तर 'पळवाट'!

सिन्नर फाटा : पळवाट खेळणाऱ्याची असते, ही लेखकाची सोय आहे. 'राखीव वाट' पुरे. ट्वाइन हे दुव्यांनी जोडलेल्या गोष्टी बनवायचं साधन, त्यातल्या पॅसेजचं (एका वेळी पडद्यावर येणाऱ्या तुकड्याचं) काय करायचं? 'परिच्छेद' चूक वाटतो, एका पॅसेजमध्ये पाच परिच्छेद असू शकतात.

मखमलाबाद : 'उतारा'. शाळेत 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा' म्हणायचे, तेच तर इथे चालतं : उतारा वाचा, पर्याय निवडा. सातबाऱ्याचा आणि दृष्ट काढायचाही उतारा असतो, पण संदर्भाने कळतं.

मराठीत ट्वाइन वापरणाऱ्यांनी उताऱ्यांच्या नावांना मात्र जपावं. दुहेरी चौकटी कंसात नाव लिहिलं की त्या नावाच्या उताऱ्याला दुवा जुळतो. त्या नावाचा उतारा नसेल तर ट्वाइन नवा, रिकामा उतारा उभा करतं. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला की खेळणारा कोऱ्या पानावर. ही चूक निदान दिसते तरी. न दिसणारी चूक 'दुसऱ्या'मध्ये आहे. हा 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो : काही कळफलक नुक्त्याचा र घेऊन त्याचा पाय मोडतात, काही साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती दोन निरनिराळी नावं. फोनवर टाइप केलेला दुवा आणि लॅपटॉपवर नाव दिलेला उतारा यांची गाठ पडत नाही आणि का ते तासभर कळत नाही. नावात 'ऱ्या', 'ऱ्हा' ठेवूच नका. 'वाडा २', 'घाट ३ रात्र' अशी नावं द्या.

तपोवन : आता शेवट. 'वाईट शेवट' म्हटलं की शेवट वाईट लिहिला आहे असाच अर्थ निघतो. बॅड एंडिंगला 'शोकान्त' म्हणावं तर तेही नेहमी खरं नाही, बऱ्याचदा तो नुसताच मध्येच तुटलेला असतो. त्याला 'अकाली शेवट' म्हणावं. 'नीर : ऑटोमाटा'मध्ये (२०१७) ए ते झेड असे २६ शेवट आहेत. पैकी मुख्य पाच, उरलेले बहुतेक अकाली आणि थट्टेचे. एक विशिष्ट मासा खाल्ला, शेवट! आणि मुख्य पाचांतले ए आणि बी हेही खरे शेवट नव्हेत. श्रेयनामावली सरकते, पण गोष्ट पुढे शिल्लक असते. नाटकवाला त्याला शेवट म्हणणार नाही, 'पडदा' म्हणेल. पहिला पडदा, दुसरा पडदा. ज्यानंतर गोष्ट उरत नाही तोच शेवट.

ट्रू एंडिंगला 'खरा शेवट' म्हणायला माझा विरोध आहे, म्हणजे बाकीचे खोटे ठरतात. पण दुसरा शब्द सुचत नाही.

रविवार कारंजा : 'मुख्य शेवट' म्हणा, काम भागतं.

सिन्नर फाटा : प्लेथ्रू? 'डाव' मनात होता.

कॉलेज रोड : डावात हार-जीत आली. इथे 'फेरी' बरी. ब्रह्मगिरीच्या फेरीसारखं, निघालो तिथेच परत. 'द स्टॅनले पॅरेबल'मध्ये (२०१३) बहुतेक शेवटांनंतर पुन्हा ४२७ नंबरच्या कर्मचाऱ्याच्या खोलीतच उभे असतो, तिथे फेरी शब्द अंगाला शिवल्यासारखा बसतो. आणि एकूण एक शेवट पाहायचेच असा पण करून बसणाऱ्यासाठी 'पारायण' आहेच.

पारायणाची रीत सांगून ठेवतो, त्यात शब्दही तपासून होतील. पहिली फेरी मनाला येईल तशी, काही न वाचता. दुसरीपासून प्रत्येक फाट्याच्या अलीकडे वेगळा सेव्ह ठेवायचा. पर्याय पडद्यावर आल्यावर, निवडण्याआधी. मग मागून पुढे यायचं : शेवटच्या फाट्याच्या सगळ्या वाटा आधी, मग त्याच्या आधीच्या फाट्याच्या. सुरुवातीपासून धरलं तर तोच मजकूर पाच-पाचदा ओढावा लागतो. रेनपायच्या खेळांत कंट्रोल दाबून धरलं की वाचलेला मजकूर पळतो आणि नवा आला की थांबतो. वेग अचानक थांबला म्हणजे वाट बदलली, ही फुकटची खूण. त्यात सेव्हच्या एका पानावर साधारण सहाच जागा असतात, म्हणून एका प्रकरणाला एक पान द्यावं. ऑटोसेव्हवर विसंबू नये, तो जुन्यावरच नवा लिहितो. आणि शेवट बदलतच नसेल तर चूक बहुधा शेवटच्या फाट्यावर नसते, खूणगाठ कुठेतरी पहिल्या प्रकरणात बसलेली असते. 'डेट्रॉइट : बिकम ह्यूमन'सारखा (२०१८) खेळ प्रकरण संपल्यावर फाट्यांचा नकाशाच दाखवतो, तिथे कुलूपबंद चौकट कुठून निघाली हे मागे शोधत जाता येतं. बाकीच्यांसाठी कागद-पेन्सिल.

मखमलाबाद : चॉइस राहिलं. पडद्यावर दिसतो तो 'पर्याय', आपण करतो ती 'निवड'. निवडूनही काहीच बदलत नाही, एक वाक्य वेगळं येऊन पुन्हा तेच, तो 'तोंडदेखला पर्याय'. हा शब्द शिवीसारखा वापरू नये. तोंडदेखल्या पर्यायाने वाट बदलत नाही, पण आपण कोण म्हणून खेळतोय ते ठरतं.

पर्यायाचं क्रियापद कसं लिहायचं, ही खरी मराठी कटकट. 'दार उघडतो' लिहिलं की खेळणारा पुरुष झाला. 'दार उघडणे' म्हणजे सरकारी अर्ज. 'दार उघड' म्हणजे हुकूम. 'दार उघडायचं' आणि 'परत फिरायचं' हे लिंगाच्या भानगडीत पडत नाहीत. पुढच्या मजकुरातही 'तू आत गेलास / गेलीस' टाळून 'तू पाऊल आत टाकलंस' लिहावं. सकर्मक क्रियापदाचं भूतकाळात कर्माशी जुळतं, त्यामुळे कर्त्याचं लिंग झाकलेलं राहतं. नाहीतर प्रत्येक उतारा दोनदा लिहावा लागतो, फाटा नसताना.

रविवार कारंजा : मग एक अवघड वाक्य देतो. टेलटेल कंपनीच्या 'द वॉकिंग डेड' या खेळापासून (२०१२) कोपऱ्यात सूचना येते, अमुक पात्र हे लक्षात ठेवेल अशी. मराठीत नेमकं काय लिहाल?

तपोवन : 'ती हे लक्षात ठेवेल' ही आपल्याकडे धमकी होते. 'लक्षात ठेव!' कोण कुणाला कधी म्हणतं ते आठवा. प्रेमाने पाणी दिल्यावर अशी सूचना आली तर खेळणारा दचकेल. 'हे तिच्या लक्षात राहील' यात ठेवणारं कुणी नाही, आपसूक राहतं, चांगलं असो की वाईट. हीच सूचना घ्यावी.

सिन्नर फाटा : आणि पात्राने खरोखरच डूख धरला असेल तिथे?

तपोवन : तिथे काहीच लिहू नये. गुपचूप खूणगाठ बांधावी.