मदत हवी आहे: जागा बदललेला अनंत माना टाकतोय, काय औषध घालू?

अंगणवेडी
अनंत हलवून दहा दिवस झाले. पानं लोंबली आहेत, खालची पिवळी होऊन गळतात, शेंड्याकडची कडेने करपली. कळ्या सगळ्या गळाल्या. पाणी रोज घालतेय तरी फरक नाही. लगेच लागू पडेल असं औषध सांगा. सासूबाईंच्या हातचं झाड आहे, जाऊन चालणार नाही.

सातपूरकर
ताई, औषधाचं नंतर. कुंडीतून जमिनीत नेलं की जमिनीतून जमिनीत? झाड केवढं, खोड किती जाड? मुळांभोवती मातीची हुंडी किती आली? पाणी नळाचं की बोअरचं? नवीन जागी ऊन कधी आणि किती वेळ? एवढं कळल्याशिवाय कोणीही सांगितलेलं औषध म्हणजे अंधारात दगड.

गच्चीबाग
सरळ अर्धं छाटून टाका. मुळं तुटली म्हणजे पाणी ओढणारी तोंडं कमी झाली, वर पानं तेवढीच. हिशोब जुळवा, झाड उभं राहील.

अंगणवेडी
जमिनीतून जमिनीत. कंपाउंडची भिंत नवीन बांधली, झाड मध्ये येत होतं म्हणून सात-आठ फूट सरकवलं. चार फूट उंच, खोड दीड इंच असेल. पाणी बोअरचं, रोज एक बादली. बाकी काही केलेलं नाही. नाशिकच्या इंदिरानगरला राहतो, माती काळी.

काळी_माती
आधी तो अनंतच आहे ना याची खात्री करा. आपल्याकडे डबल तगरीलाही बरेच जण अनंत म्हणतात. एक पान देठाशी तोडून बघा. पांढरा चीक आला तर तगर, आणि तगर असेल तर एवढी काळजी नको, ती चिवट असते. चीक नाही, पान जाड, चकचकीत आणि शिरा ठसठशीत असतील तर अनंत. अनंताला मुळं हलवलेली सोसत नाहीत, शिवाय त्याला आंबट माती लागते, सामू (पीएच) साधारण ५ ते ६.५. आपली काळी माती बहुधा ७.५ च्या वरच असते.

दुसरं, रोज बादलीभर पाणी काळ्या मातीत, हे मला जास्त खटकतंय. लोंबलेलं पान बघून आपण पाणी वाढवतो, पण मुळं पाण्यात गुदमरली तरी पान तसंच लोंबतं. खोडापासून वीतभर अंतरावर चार इंच खोल बोट घाला किंवा लाकडी काडी खुपसा. चिखल चिकटून आला तर आज पाणी बंद. वाफसा आल्याशिवाय, म्हणजे चिखल जाऊन माती नुसती दमट, भुसभुशीत झाल्याशिवाय, पुन्हा घालू नका.

निफाडचा_मळेकरी
गच्चीबाग म्हणतात ते बरोबर. आमच्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीत द्राक्षवेलीवर एक पान ठेवत नाही, पंधरा दिवसांत फूट निघते. छाटून टाका, वरून ह्युमिक ॲसिड सोडा, पांढरी मुळी आठ दिवसांत धावते. जीए (जिबरेलिक ॲसिड) असेल तर हलका फवारा मारा.

सातपूरकर
दादा, खरड छाटणीत वेलीचं मूळ जागेवर शाबूत असतं आणि ओलांड्यात (वेलीच्या जाड आडव्या फांदीत) अन्न साठलेलं असतं. इथे मूळच तुटलंय. नवी मुळी फुटायला लागणारी साखर पानात तयार होते, मुळी फोडणारा संप्रेरकही कोवळ्या शेंड्यांतूनच खाली येतो. सगळं छाटलं तर मुळांना पोसणार कोण? आणि जीए म्हणजे शेंडा लांबवणारं औषध, आज शेंडा वाढला तर उरलेल्या मुळांवर अजून ओझं. जीए अजिबात नको.

गच्चीबाग
म्हणजे चार फुटांचं झाड वाळू द्यायचं का? वैशाखाचं ऊन आहे, जेवढी पानं तेवढं बाष्प.

सातपूरकर
वाळू देऊ नका, सावली द्या. बाष्प कमी करायचा तो पहिला मार्ग. ५० टक्क्यांचं शेडनेट चार काठ्यांवर बांधा, पश्चिम आणि दक्षिण झाका, ईशान्येकडून मोकळं ठेवा, जाळी पानांना टेकू देऊ नका. प्लास्टिकचा कागद गुंडाळायचा नाही, आत भट्टी होते. एवढं करूनही सकाळी सहाला पानं ताठ दिसली नाहीत, तर एकूण पाल्याचा तिसरा हिस्सा काढा. तोही फांद्या तोडून नाही, आतली जुनी पानं खुडून. उरलेल्या कळ्या मात्र आजच काढा.

काळी_माती
मेलेली फांदी कोणती ते असं ओळखा: नखाने साल खरवडा. खाली हिरवं ओलं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं असेल तर हिरवं लागेपर्यंत खाली जाऊन तिथे कापा. पिवळं होऊन गळणारं पान बघून घाबरू नका, पान गाळायलाही फांदी जिवंत असावी लागते. तपकिरी होऊन फांदीलाच चिकटून बसलेली पानं वाईट, ती फांदी बहुधा गेली.

अंगणवेडी
चीक येत नाही, अनंतच आहे. नखाने खरवडलं, जाड फांद्या हिरव्या आहेत. काडीला चिखल लागला, आंबूस वासही आला. एक सांगायचं राहिलं, लावताना खड्ड्यात दोन मुठी डीएपी खत आणि घमेलंभर शेण घातलं होतं, मुळं लवकर धरावीत म्हणून.

काळी_माती
"बाकी काही केलेलं नाही" यात हे यायला हवं होतं, ताई. शेण ताजं की कुजलेलं? ताजं असेल तर ते कुजताना खड्ड्यात उष्णता आणि अमोनिया सुटतो, दोन्ही तुटलेल्या मुळीला भाजतात. डीएपी म्हणजे १८:४६ (नत्र आणि स्फुरद), खताचा क्षार. मुळीच्या आतल्यापेक्षा बाहेरच्या पाण्यात क्षार जास्त झाला की मुळीला पाणी ओढता येत नाही. कडेने करपलेली पानं त्याचीच असावीत. शिवाय एवढं स्फुरद लोह अडवून धरतं, आणि अनंत आधीच लोहाचा भुकेला.

रानवारा
अनंताला पिठ्या ढेकूण फार येतात, पानांच्या बगलेत बघत जा. निंबोळी तेल ५ मिली, साबणाचं पाणी थोडं, लिटरभर पाण्यात, संध्याकाळी फवारा.

सातपूरकर
ढेकणाचा प्रश्नच नाही इथे. आणि ताणात असलेल्या झाडावर ऐन उन्हाळ्यात तेल मारू नका, पानं भाजतील.

ताई, अजून दोन गोष्टी. हुंडी कशी आणली? आणि भिंतीचं प्लास्टर झालंय का?

अंगणवेडी
शेण ताजं होतं. हुंडी साधारण फूटभर. गवंड्याच्या माणसांनी सिमेंटच्या रिकाम्या गोणीत बांधून दिली. माती सुटू नये म्हणून गोणीसकटच खड्ड्यात ठेवली, तोंड सोडलं फक्त. प्लास्टर परवाच झालं, भिंतीला दिवसातून तीनदा पाणी मारतात. झाड भिंतीपासून दीड फुटावर. दुपारी दोननंतरचं ऊन पडतं.

काळी_माती
सापडलं. ती प्लास्टिकची विणलेली गोणी, कुजणार नाही. मुळांना बाहेर जायला वाट नाही आणि तुमची रोजची बादली आत साचते, आंबूस वास त्याचाच. गोणीत सिमेंटची पूड राहिलेली असते, भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्यातही चुना येतो. आंबट माती मागणाऱ्या झाडाला दोन्हीकडून चुना पाजतोय आपण. वर पश्चिमेच्या भिंतीची धग. नुसतं तागाचं पोतं असतं तर तोंड सोडून खाली दाबलं तरी चाललं असतं.

निफाडचा_मळेकरी
मग गोणी जागेवरच चार बाजूंनी चिरा. झाड पुन्हा उचललं तर उरलेली मुळीही जाईल. खड्ड्याला पाणी मुरायला बाजूने पहारीने चार भोकं पाडा, त्यात खडी भरा.

सातपूरकर
दुसरीकडे असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण खाली साचलेलं पाणी, ताजं शेण आणि डीएपी तसंच ठेवून वरून चिरा मारल्याने काय साधणार? आज मुळी दहा दिवसांचीच आहे, नवी फारशी फुटलेली नाही, म्हणजे उचलण्यात गमावण्यासारखं कमी आहे. महिन्याने उचललं तर खरं नुकसान.

गच्चीबाग
तळाला विटांचे तुकडे आणि खडीचा थर द्या, पाणी निघून जाईल.

काळी_माती
नाही हो. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण चिंब होईपर्यंत थरावरच अडून राहतं. काळ्या मातीतला खड्डा म्हणजे मडकं, मडक्यात खडी घातली तरी ते मडकंच. उपाय एकच: झाड वर उचलून लावायचं.

ताई, उद्या संध्याकाळी साडेपाचनंतर हे करा. दोन माणसं लागतील.

भिंतीपासून किमान चार फूट, सकाळचं ऊन मिळेल अशी जागा. खड्डा हुंडीच्या अडीचपट रुंद, पण खोल मात्र हुंडीपेक्षा चार इंच कमी. कडा पहारीने खरवडून खडबडीत करा, कुदळीने घासून गुळगुळीत झालेल्या काळ्या भिंतीतून मुळी शिरत नाही. त्यात बादलीभर पाणी ओतून तासाभरात किती उतरतं बघा. एक इंचही उतरलं नाही तर अजून उथळ करा आणि उंचवटा वाढवा.

मग जुन्या जागी हुंडीभोवती फूटभर चर खणा. खोडाला धरून उपटायचं नाही. एका बाजूने तिरकी करून खाली पत्रा सरकवा आणि पत्र्यावरूनच ओढत न्या. नवीन जागी ठेवल्यावर गोणी उभी चिरा, झाड एका अंगाला कलवून अर्धी गोणी खाली गुंडाळा, दुसऱ्या अंगाला कलवून ओढून काढा. हुंडीवरची वरची दोन इंच माती, शेण लागलेलं सगळं, खुरप्याने हलकेच काढून टाका. काळी, मऊ पडलेली, वास येणारी मुळं धारदार कात्रीने कापा, पांढरी किंवा पिवळसर कडक मुळं अजिबात कापू नका.

भरायला निम्मी तिथलीच माती, निम्मं लाल माती आणि पूर्ण कुजलेला पालापाचोळा. त्र्यंबककडची लाल माती मिळाली तर उत्तम. मुरूम घालणार असाल तर आधी त्यावर व्हिनेगर टाका, फसफसला तर त्यात चुनखडी आहे, तो परत पाठवा. खोडाचा बुंधा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार इंच वर हवा, भोवती माती उतरती. खत काहीही नाही.

अंगणवेडी
मुळांना ताकद म्हणून साखरेचं पाणी घालू का? आणि बोअरऐवजी आरओच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचं काय?

सातपूरकर
साखर नको, ती मुळी घेत नाही, मातीतल्या बुरशीला आयतं खाद्य. आरओचं फेकलेलं पाणी तर बोअरपेक्षा वाईट, गाळून उरलेले सगळे क्षार त्यातच असतात. महापालिकेचं धरणाचं पाणी वापरा. एसीच्या नळीचं पाणी साठवता आलं तर त्याहून चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. पहिल्या दिवशी दहा लिटर सावकाश, नंतर काडी लावून बघून दोन-तीन दिवसांनी चार-पाच लिटर. पाणी हुंडीवरच पडू द्या. लांबच्या आळ्यात घातलं तर बाहेरची माती ओली आणि हुंडी कोरडी राहते. वर पाचट किंवा वाळलेली पानं तीन इंच, खोडापासून तीन बोटं सोडून.

ह्युमिकने अपाय नाही, पण आज उपयोगही फारसा नाही. मळेकरी दादांचा आग्रह असेल तर नवी फूट आल्यावर.

रानवारा
अनंताची फांदी लागते का? मलाही एक हवा होता.

अंगणवेडी
सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. गोणीच्या तळाशी चार बोटं काळं पाणी होतं. खालची मुळं एका बाजूने सडलेली, दुसऱ्या बाजूची पिवळसर कडक निघाली. शेडनेट बांधलंय. पाण्याचा खड्डा तासाभरात अर्धा इंचच उतरला, म्हणून सहा इंचाचा उंचवटा केला.

अंगणवेडी
आज बारा दिवस झाले. बरीच पानं गळाली, पण सकाळी उरलेली ताठ असतात. तीन फांद्यांवर डोळे फुगलेत, पण फुटलेली कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. आता खत द्यायचं ना?

काळी_माती
खत नाही. ही फूट खोडात साठलेल्या अन्नावर आली आहे, मुळी अजून मागेच आहे. एखाद्या कडक दुपारी हीच फूट पुन्हा मान टाकेल, तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका, काडी लावूनच ठरवा. पिवळ्या पानात हिरव्या शिरा म्हणजे लोह कमी. लिटरभर पाण्यात हिराकस (फेरस सल्फेट) ३ ग्रॅम आणि सायट्रिक ॲसिड १ ग्रॅम, गाळून, संध्याकाळी फक्त पानांवर, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. भिंतीवर आणि फरशीवर पडू देऊ नका, गंजासारखे डाग जात नाहीत. मातीतून द्यायचं तर चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं) ईडीडीएचएचं घ्या, ईडीटीएचं आपल्या मातीत टिकत नाही. पण ते पाऊस लागल्यावर. दुसरी फूट येऊन पानं पक्की झाली की चहाच्या कपाएवढं गांडूळखत. यंदा कळ्या आल्या तर खुडा.

सातपूरकर
शेडनेट एकदम काढू नका. मृग लागून आभाळ भरलं की आधी दक्षिणेची बाजू, आठवड्याने पश्चिमेची.

रानवारा, फांदी लागते. आषाढात, फुलं न आलेल्या अर्धवट पिकलेल्या फांद्यांचे चार ते सहा इंचांचे तुकडे, वरची दोन पानं ठेवून, वाळू आणि कोकोपीट निम्मं निम्मं, वरून पारदर्शक डबा उपडा. सहा-आठ आठवडे लागतात. अंगणवेडीताई, तुम्हीही याच झाडाच्या चार काड्या लावून ठेवा, पण आत्ता नाही, दुसरी फूट पक्की झाल्यावर.

अंगणवेडी
लावते. सासूबाई विचारत होत्या, मोगराही त्याच भिंतीला टेकलाय, त्याला कधी हलवायचा?

काळी_माती
पहिले दोन पाऊस पडून वाफसा आला की. पण आजच खोडापासून नऊ इंचांवर धारदार फावड्याने अर्धं वर्तुळ मारून ठेवा, उरलेलं अर्धं पंधरा दिवसांनी. हुंडीतच नवी मुळी तयार राहील. आणि गोणी तागाची आणा.