प्रदर्शनाच्या बातमीत 'गे चित्रकार' लिहावं का? आणि लिहायचं तर कसं? (बडोदा)

निळा_कोबाल्ट:
नमस्कार मंडळी. शुक्रवार २३ ते गुरुवार २९ जानेवारी, बडोद्यात फतेगंजकडच्या एका भाड्याच्या हॉलमध्ये माझं पहिलं एकल प्रदर्शन आहे. १८ कामं, सगळी कॅनव्हासवर तैलरंग, सगळ्यात मोठं ४ बाय ५ फूट. विषय दोन पुरुषांमधली रोजची जवळीक: हिंचक्यावर बसलेले, सुरसागर तलावाच्या कठड्याला टेकलेले, एक कणीक मळतोय आणि दुसरा ओट्याला रेलून उभा. ६ चित्रांत नग्न देह आहेत. मी गे आहे, घरी माहीत आहे, लपवायचं नाही. पण बातमीचा मथळा तेवढाच व्हावा असंही नाही.

प्रेस नोट गुजराती आणि मराठी दोन्हींत पाठवायची आहे. तो शब्द कुठे घालावा? चित्रांचे फोटो कसे द्यावेत? इन्स्टाग्रामवर दोन पोस्ट आधीच उडाल्यात. ज्यांनी हे केलंय किंवा छापलंय त्यांनी नेमकं सांगा.

डेस्कवरची_मंडळी:
शब्द घाला, पण तिसऱ्या परिच्छेदात, आणि वाक्य स्वतः लिहून द्या. तुम्ही नाही लिहिलं तर वर्तमानपत्राचं संपादकीय डेस्क लिहील, आणि डेस्कचं वाक्य तुम्हाला आवडणार नाही.

पहिल्या वाक्यात काय, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, किती वाजता. दुसऱ्या परिच्छेदात चित्रं: किती, कशात केलेली, चित्रात काय दिसतं. दोन चित्रांचं साधं वर्णन द्या. 'मानवी भावभावनांचा कॅनव्हासवरील आविष्कार' वाचून कुणीही हॉलवर येत नाही. मग तिसरा: "स्वतः समलिंगी असलेल्या या चित्रकाराने…" आणि त्याला जोडून कामाविषयी एक वाक्य. म्हणजे जागा कमी पडून नोट खालून कापली तरी पत्ता वाचतो, आणि कापली नाही तर तो शब्द चित्रांना चिकटून येतो. एकटा येत नाही.

शब्दाची भानगड मात्र खरी आहे. मराठीत 'समलिंगी' किंवा सरळ 'गे' लिहा. 'समलैंगिक' वाचताना डोळा मधल्या 'लैंगिक'वर अडतो आणि मथळ्यात तर फारच. गुजरातीत याच अर्थाने 'सजातीय' सर्रास छापतात. आता तीच नोट कुणी घाईत गुजरातीवरून मराठीत आणली की 'सजातीय चित्रकार' होतं, आणि मराठी वाचक समजतो आपल्या जातीतला कुणीतरी! म्हणून दोन्ही नोटा वेगवेगळ्या लिहा, एकीवरून दुसरी भाषांतरित करू नका. गुजराती नोट गुजराती माणसाकडूनच वाचून घ्या.

लांबी २५० ते ३०० शब्द. मजकूर युनिकोडमध्ये, ईमेलच्या अंगातच चिकटवा. पीडीएफमधून कॉपी केलं की जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या उड्या मारतात, आणि सबएडिटर ते दुरुस्त करत बसण्याऐवजी दुसरी नोट उचलतो. पुरवणीला ८-१० दिवस आधी पाठवा, शहर पानाला उद्घाटनाच्या दोन दिवस आधी. उद्घाटनाचा फोटो त्याच संध्याकाळी, जमलं तर ७ च्या आत. एक गोष्ट आत्ताच विचारून ठेवा: २६ जानेवारीला बऱ्याच वर्तमानपत्रांना सुट्टी असते आणि २७ चा अंक निघत नाही. तुमच्या सात दिवसांतला एक तिथेच जातो.

रावपुऱ्यातला:
तारीख बाकी चांगली निवडलीत. उत्तरायण (पतंगांचा सण) संपलेलं असतं, नाहीतर सगळं बडोदं गच्चीवर. एनआरआय मंडळीही अजून असतात. पण माझं मत उलटं: शब्दच घालू नका. चित्रं बघून ज्याला कळायचं त्याला कळेल.

डेस्कवरची_मंडळी:
@रावपुऱ्यातला, दोन पुरुष १८ चित्रांत जवळ बसलेत आणि नोटेत त्याबद्दल अक्षर नाही, तर पहिलाच बातमीदार फोनवर विचारणार. फोनवर दिलेलं उत्तर मथळा होतं, कारण ते 'आम्हाला मिळालेलं' असतं. २००६ मध्ये राजपीपळ्याच्या राजघराण्यातल्या मानवेंद्रसिंह गोहिलांनी आपण समलिंगी असल्याचं गुजराती वर्तमानपत्रातून जाहीर केलं तेव्हा राजपीपळ्यात पुतळे जळले. आज तेवढं होणार नाही, पण 'कबुली'ची बातमी कशी पळते ते तिथे दिसतं. नोटेत आधीच सांगितलेल्या गोष्टीची कबुली होत नाही. 'कबूल केले', 'उघड केले', 'धाडस केले' ही क्रियापदं तुमच्या नोटेत कुठेही नकोत.

आणि भूपेन खख्खरांचं नाव येणारच. बडोदा, गे, चित्रकार म्हटलं की डेस्कला दुसरं आठवत नाही. तुलना तुम्ही स्वतः करू नका, पण दोन ओळी तयार ठेवा, म्हणजे चुकीचं छापून येणार नाही. खख्खर १९६२ मध्ये बडोद्यात आले ते इथल्या विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागाच्या कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला, चित्रकला शिकायला नव्हे. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट होते. 'यू कान्ट प्लीज ऑल' हे चित्र १९८१ चं, ते लंडनच्या टेटकडे आहे, आणि २०१६ मध्ये टेट मॉडर्नने त्याच नावाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. 'टू मेन इन बनारस' २०१९ मध्ये लंडनला लिलावात २५ लाख पौंडांवर गेलं. हा आकडा बातमीदाराला फार आवडतो, तेव्हा तुमच्या चित्रांच्या किमतीच्या शेजारी तो छापू देऊ नका. हास्यास्पद दिसतं.

ग्रे_कार्ड:
फोटोंबद्दल. फ्रेमला काच लावायच्या आधी काढा, काचेतून कधीच नाही.

घरी करायचं तर दोन सारखे एलईडी, ५००० ते ५५०० केल्विन, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९५ च्या वर. चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, चित्राच्या रुंदीच्या दीडपट तरी लांब. खोलीची ट्यूब बंद, पडदे बंद; खिडकीचा निळा आणि बल्बचा पिवळा एकत्र आला की त्वचेचे रंग दुरुस्तच होत नाहीत, आणि तुमच्या चित्रांत त्वचाच जास्त आहे. कॅमेरा स्टँडवर, लेन्स चित्राच्या मध्याच्या उंचीवर आणि चित्राला समांतर. ५० मिमी किंवा जास्त. मोबाइलच्या वाइडने कडा फुगतात. आयएसओ १००, अॅपर्चर एफ ८, पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (रंग जुळवायला धरायचं करडं कार्ड). वार्निश चकाकत असेल तर आधी दिवे आणखी बाजूला घ्या, मग लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) फिरवा. फक्त लेन्सवरच्या पोलरायझरने गडद रंगातली सगळी चकाकी जात नाही, त्यासाठी दिव्यांवरही पोलरायझिंग फिल्म लागते.

दिवे नसतील तर सकाळी ९ च्या सुमारास सावलीतला व्हरांडा. समोर हिरवी भिंत किंवा झाडं नकोत, पांढऱ्या भागांवर हिरवट झाक येते आणि ती घरी मॉनिटरवर लक्षात येत नाही.

छपाईसाठी टिफ (न दाबलेली मोठी फाइल) राखून ठेवा. वर्तमानपत्राला जेपीजी, लांब बाजू ३००० पिक्सेल, रंगांचं सेटिंग एसआरजीबी. फाइलच्या नावातच आडनाव, शीर्षक, वर्ष, माप घाला. 'फायनल २ नवीन' नावाचा फोटो दुसऱ्याच्या बातमीत जातो. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून नाही. तीनच चित्रं द्या, तिन्ही कपड्यांतली. नग्न चित्र दिलंत तर डेस्क काय कापेल आणि कुठे कापेल यावर तुमचा ताबा नसतो.

काळा_कोट:
चित्रात ओळखू येणारी खरी माणसं आहेत का? इथे कुणी हे विचारलं नाही आणि सगळ्यात मोठा खड्डा तोच आहे. तुम्ही उघड आहात, तुमचा मॉडेल असेलच असं नाही. हॉलमध्ये दोनशे लोक बघतील, वर्तमानपत्रात त्याचे मामा बघतील.

प्रत्येक मॉडेलकडून एका पानाची लेखी संमती घ्या आणि चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा: हॉलमध्ये टांगणं, वर्तमानपत्र, सोशल मीडिया, विक्री आणि कॅटलॉग. प्रत्येकीपुढे हो किंवा नाही, सही, तारीख. एक प्रत त्याला. एखाद्याने हॉलला हो आणि बाकीला नाही म्हटलं तर ते चित्र टांगा, प्रसिद्धीत वापरू नका, आणि शेजारी 'फोटो काढू नये' अशी पाटी लावा. शीर्षकात नाव नको. चेहरा बदलला तरी टॅटू, हातातलं कडं, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर, स्कूटरची नंबरप्लेट यांवरून माणूस ओळखतात. बडोदं एवढं मोठं नाही.

कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन केलेलं पोर्ट्रेट त्या १८ मध्ये असेल तर आणखी एक. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर अशा चित्राचा पहिला कॉपीराइट करून घेणाऱ्याचा असतो. प्रसिद्धीला वापरायच्या आधी त्याची परवानगी लेखी घ्या.

नग्न चित्रांबद्दल. सुप्रीम कोर्टाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर समलिंगी असणं किंवा प्रौढांचे संमतीचे संबंध हा गुन्हा नाही, त्यामुळे तक्रार झालीच तर ती अश्लीलतेची होते: आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९४, पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं २९२. त्यात कलेसाठी अपवाद आहे. २०१४ च्या अवीक सरकार निकालात सुप्रीम कोर्टाने नग्नता म्हणजेच अश्लीलता नव्हे हे स्पष्ट केलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने कस्टम्सने अश्लील म्हणून अडवलेली चित्रकार सूझा आणि पदमसींची चित्रं सोडायला लावली. पण कायदा नंतर कामाला येतो. हॉलवर दहा जण येऊन उभे राहतात तेव्हा मालकाला फक्त शटर दिसतं. मे २००७ मध्ये इथल्याच फाइन आर्ट्समध्ये परीक्षेच्या मांडणीवरून विद्यार्थ्याला अटक झाली होती, हे हॉलवाल्यांच्या अजून लक्षात आहे.

म्हणून बुकिंगच्या वेळीच सर्व १८ चित्रांचे फोटो ईमेलने पाठवा आणि 'पाहिले, हरकत नाही' असं उत्तर मागा. तोंडी हो चालणार नाही. भाडेकराराच्या कागदात 'आक्षेपार्ह वाटल्यास काढण्याचा अधिकार' हे कलम असतं. ते सहसा काढत नाहीत, पण 'लेखी कळवून, भाडं प्रमाणात परत करून' एवढं घालून घेता येतं. ती ६ चित्रं आतल्या खोलीत किंवा पार्टिशनमागे, रस्त्यावरून काचेतून दिसणार नाहीत अशी. दारावर '१८ वर्षांवरील' पाटी.

निळा_कोबाल्ट:
संमतीचं डोक्यातच नव्हतं. चार चित्रांत ओळखीचे चेहरे आहेत. आजच लिहितो त्यांना. इन्स्टाचं कुणी सांगेल का?

रील_नको_चित्र_हवं:
चित्र-शिल्पातली नग्नता त्यांच्या नियमात चालते, पण आधी बघतं ते यंत्र, आणि यंत्राला तुमची वास्तववादी त्वचा फोटो वाटते. म्हणून कॅनव्हासची कड, भिंत, चित्राशेजारी ब्रश असं काही फ्रेममध्ये ठेवा. कॅरोसेलमध्ये (एकाच पोस्टमध्ये अनेक फोटो) पहिली फ्रेम तपशिलाची: हात, कणकेची परात, हिंचक्याची कडी. पूर्ण चित्र दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेमवर. ४:५ चा आकार, १०८० बाय १३५०. कॅप्शनमध्ये पहिल्याच ओळीत 'कॅनव्हासवर तैलरंग' आणि माप. अपील माणसाकडे गेलंच तर त्याला ते दिसतं.

उडालेल्या पोस्टवर अपील करा, तशाच पुन्हा टाकू नका. पुन्हा टाकलं की अकाउंटवर दुसरा शेरा बसतो. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट स्टेटस' उघडून बघा, तुमच्या पोस्ट अनोळखी लोकांना सुचवल्या जातात की नाही ते तिथे कळतं. सुचवल्या जात नसतील तर प्रदर्शनाची घोषणा तिथून कितीही केली तरी जुन्या फॉलोअर्सपलीकडे फारशी जात नाही. पैसे देऊन बूस्ट करायचं तर नग्न चित्र अजिबात नाही, जाहिरातींचे नियम पोस्टपेक्षा कडक आहेत. सुरसागरचं चित्र बूस्ट करा, बडोद्याचे लोक कठडा ओळखून थांबतात.

आणि हॉलवर वही ठेवा, नाव आणि ईमेल. अकाउंट उद्या गेलं तरी वही राहते.

निळा_कोबाल्ट:
मराठी नोटेची सुरुवात अशी केली:

"बडोद्यात फतेगंज येथे २३ ते २९ जानेवारीदरम्यान १८ तैलचित्रांचे प्रदर्शन भरत आहे. कणीक मळणारे हात, दुपारचा हिंचका, सुरसागरचा कठडा: दोन पुरुषांच्या एकत्र राहण्यातले साधे क्षण या चित्रांत आहेत." आणि तिसऱ्यात: "स्वतः समलिंगी असलेल्या या चित्रकाराने गेल्या तीन वर्षांत ही चित्रे ओळखीच्या घरांत बसून रंगवली."

डेस्कवरची_मंडळी:
चांगलं आहे. 'दरम्यान' काढा, 'पर्यंत' लिहा. वेळ घाला, हॉलचं पूर्ण नाव घाला, रविवारी आणि २६ ला उघडं आहे का ते लिहा, प्रवेश मोफत असेल तर तेही.

काळा_कोट:
आणि 'ओळखीच्या घरांत' काढा. कुणाची घरं, हा पुढचा फोन असेल.