पाकळी उजवीच पडणार हे आधीच ठरलेलं होतं का?

फोंडेकर: परवा गावच्या देवळात विहिरीसाठी कौल लावला, म्हणजे विहीर खणावी की नाही ते देवाला विचारलं. मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या, भटांनी गाऱ्हाणं घातलं आणि आम्ही सगळे टक लावून बसलो. उजवी पडली, म्हणजे देवाचा होकार, काका खूश. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच, की पाणी किती लागलं होतं, पाकळी किती जड, गाभाऱ्यात दमटपणा किती, हे सगळं नेमकं माहीत असतं तर कुठली आधी पडणार ते गणित करून सांगता आलं असतं ना? फ्रेंच गणिती लाप्लासनं १८१४ मध्ये हेच लिहिलंय, एका क्षणाला विश्वातल्या सगळ्या वस्तूंच्या जागा आणि त्यांच्यावरची बलं कळली तर पुढचं मागचं सगळंच कळेल. माझ्या मते योगायोग म्हणजे आपलं अज्ञान, बाकी काही नाही. मांडवीतल्या कॅसिनोत रूलेटची गोळीसुद्धा न्यूटनचेच नियम पाळते.

रापणकार: फोंडेकरबाब, १८१४ मध्येच थांबलात होय? कार्बन-१४ घ्या, आपोआप फुटणारा किरणोत्सारी कार्बन. ५७३० वर्षांत निम्मे अणू फुटतात, पण कुठला आज आणि कुठला १०,००० वर्षांनी, याची काही खूणच अणूत नाही. दोन हुबेहूब अणू, एक फुटतो, एक बसून राहतो. तुमच्या पाकळ्या निदान कमीजास्त ओल्या तरी होत्या!

फोंडेकर: खूण नाही, की अजून सापडली नाही?

रापणकार: आइनस्टाइनलाही तेच वाटायचं. पण १९६४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेलनं दाखवलं, की एकमेकांशी जोडलेले दोन कण दूर नेऊन मोजले, आणि त्या जोडीतल्या कणांनी उत्तरं आधीच ठरवून ठेवली असतील आणि एकाचा परिणाम दुसऱ्यावर प्रकाशापेक्षा वेगात होत नसेल, तर मोजमापांतला मेळ एका मर्यादेबाहेर जाणार नाही. प्रयोगांत तो गेला. २०२२ चं फिजिक्सचं नोबेल त्याच कामाला. विषय संपला.

कुळागर: कसला संपला! तुमच्याच वाक्यातली ती दुसरी अट काढा, की भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोमची १९५२ ची मांडणी उभी राहते, तिथे प्रत्येक कणाची वाट ठरलेली आणि भाकितं मात्र नेहमीच्या क्वांटमचीच, म्हणजे सूक्ष्म कणांच्या नेहमीच्या सिद्धांताचीच. आता पणजीतल्या कणाला काही केलं की वास्कोतल्या कणावर त्याच क्षणी परिणाम, हे मला काही पचत नाही, म्हणून मी तुमच्याच बाजूला, पण प्रयोगानं निकाल लागला असं म्हणू नका. आणि फोंडेकरबाब, विहिरीत क्वांटम कशाला? खाली पाणी आहे की नाही ते पाकळ्या चिकटवायच्या आधीच ठरलंय.

फोंडेकर: हे काकांना तुम्हीच येऊन सांगा.