ठिबकमधून खत सोडलं की ओलाव्याचा सेन्सर वाढीव आकडा का दाखवतो?

डाळिंबकर_सांगोला:
राम राम मंडळी. भगवा डाळिंबाची बाग आहे, ठिबकवर. मुलाने अर्डुइनो युनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डाला दोन दांड्यांचा ओलाव्याचा सेन्सर जोडून ड्रिपरखाली खोचलाय, पडद्यावर टक्के दिसतात. विद्राव्य खत सोडलं की टक्के एकदम चढतात, पण माती मुठीत दाबली तर लाडू वळत नाही. एका दांडीचा मुलामाही उडालाय, वर हिरवट थर. दुकानदार म्हणतो नवीन घ्या. त्याआधी मला कळायला हवं, हा नेमकं मोजतो काय?

आयटीआय_मास्तर:
दादा, तसलाच नवीन घेऊ नका, त्याचीही हीच गत होईल. हा सेन्सर पाणी मोजतच नाही. दोन दांड्यांमधल्या मातीतून वीज किती सहज जाते, तेवढंच त्याला कळतं. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, ती वाहते विरघळलेल्या क्षारांमुळे. तुम्ही खत सोडलंत, क्षार वाढले, विजेला होणारा अडथळा म्हणजे रोध घटला, आणि प्रोग्रॅमने त्याचा अर्थ ओल असा लावला. मुठीतली मातीच खरं सांगतेय.

दांड्यांना सतत डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज मिळत असेल तर मातीत विद्युत अपघटन, म्हणजे विजेमुळे होणारी रासायनिक फोड, चालू राहतं. धन बाजूची दांडी झिजते, तांबं सुटतं. हिरवट थर त्याचाच.

आता आतलं काम. दांड्या म्हणजे संवेदक भाग. त्यांच्या रोधातला बदल एका ठरावीक रोधकाच्या जोडीने व्होल्टेजमध्ये उतरतो. युनोतला १० बिटचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, ० ते ५ व्होल्टचे ० ते १०२३ आकडे करतो, एक पायरी साधारण ५ मिलिव्होल्टची. टक्के सेन्सर देत नाही, ते मुलाने लिहिलेलं गणित आहे. दांड्यांपाशीच भलतं काही मोजलं जात असेल तर पुढे कितीही भारी बोर्ड लावा, उपयोग शून्य.

कपॅसिटिव्ह पट्टी घ्या, ती वीज साठवण्याच्या क्षमतेवरून, म्हणजे कपॅसिटन्सवरून ओल ओळखते. तिच्यातलं तांबं लेपाखाली असतं, मातीला धातू लागत नाही. एखादा पदार्थ ही क्षमता किती पट वाढवतो तो डायइलेक्ट्रिक स्थिरांक; पाण्याचा सुमारे ८०, कोरड्या मातीचा ३ ते ५, हवेचा १. म्हणून ओल जरा बदलली तरी कपॅसिटन्स ठळक बदलतो. स्वस्त पट्टीवर क्षारांचा परिणाम थोडा राहतोच, पण दांड्यांपेक्षा बराच कमी.

डाळिंबकर_सांगोला:
आभारी आहे मास्तर. जमीन काळी, खाली मुरूम. पट्टी नुसती खोचली तर चालेल?

ठिबकवाला_पंढरपूर:
काळ्या रानात नुसती खोचू नका. माती वाळली की भेगा पडतात, पट्टीजवळ फट राहते आणि आत हवा असल्याने आकडा कोरडंठाक दाखवतो. त्याच मातीचा चिखल पट्टीभोवती दाबून भरा. वरच्या उघड्या सर्किटला इपॉक्सी लावा, तिथूनच पाणी शिरतं.

आयटीआय_मास्तर:
बरोबर. आणि दादा, टक्क्यांचं गणित तुमच्याच मातीवर बसवा. वाफशाला, म्हणजे जादा पाणी निचरून ओल बेताची राहिली की, पट्टीचा आकडा लिहा, लगेच पट्टीशेजारची माती घेऊन तोला, १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पुन्हा तोला. माती परीक्षण प्रयोगशाळेत ओव्हन असतो. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन, गुणिले १००. पाणी तोडून बागेला ताण दिलेला असताना हेच पुन्हा करा. हे दोन बिंदू मुलाच्या प्रोग्रॅममध्ये टाकले की पडद्यावरचे टक्के तुमच्या रानाचे होतील.